गोळी आज, गुण महिन्याने

कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या कसमादे पट्ट्यात नैराश्याला नैराश्य म्हणणारे थोडेच. 'मन लागत नही' असं अहिराणीत सांगून माणूस गप्प बसतो. पहाटे तीनला झोप मोडते. उमराण्याच्या बाजारात कांद्याची गाडी न्यायचं कालच ठरलेलं असतं, पण सकाळी खाटेवरून उठवत नाही. डाळिंबाच्या बागेत तेल्या दिसला तरी फवारणीची घाई वाटत नाही आणि नातवाने हाक मारली तरी आत काही हलत नाही. घरचे आधी अशक्तपणा समजतात, मग आळस. पुढे कुणीतरी आग्रह धरून नाशिकला किंवा मालेगावला मानसोपचार तज्ज्ञाकडे नेतं आणि गोळ्या सुरू होतात.

त्यानंतरचा आठवडा सगळ्यात वाईट जातो. तोंडाला कोरड पडते, घाम फुटतो, छातीत धडधडतं, कधी पोट बिघडतं. मन मात्र होतं तिथेच असतं. गोळीचे सगळे त्रास सुरू झालेले असतात आणि गुण काडीचाही आलेला नसतो. एवढ्या लांब पुन्हा जायचं म्हणजे शेतातला एक दिवस मोडायचा. मग पाकीट फडताळात पडून राहतं आणि 'औषध लागूच पडत नाही' असा निकाल घरीच लागतो.

या रुग्णाची तक्रार खोटी नाही. जगभरच्या प्रयोगशाळांनी साठ वर्षं ज्या कोड्याशी झटापट केली, ते हेच कोडं आहे. मेंदूतल्या ज्या रसायनावर गोळी काम करते त्याच्यावर तिचा परिणाम काही तासांत मोजता येतो, मग माणसाला बरं वाटायला तीन-चार आठवडे का लागतात? याचं उत्तर शोधण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे, आणि तो महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक आहे.

रसायनाचं नाव नॉरॲड्रेनलिन. मेंदूच्या बुडाशी, मज्जारज्जू जिथे मेंदूला मिळतो त्याच्या जरा वर, दोन्ही बाजूंना निळसर छटेचा एकेक लहानसा ठिपका असतो. त्याला लोकस सेरुलियस म्हणतात. माणसाच्या मेंदूत अब्जावधी चेतापेशी. या दोन ठिपक्यांत मिळून जेमतेम काही दहा हजार. तरी त्यांचे तंतू जवळपास सगळ्या मेंदूभर पसरलेले असतात. विचार करणारा पुढचा भाग, स्मृतीशी जोडलेला हिप्पोकॅम्पस, भीतीची नोंद ठेवणारा अमिग्डाला, खाली थेट मज्जारज्जू, अशा सगळ्या ठिकाणी हे तंतू नॉरॲड्रेनलिन सोडतात. जागं राहणं, सावध होणं, एखाद्या कामाकडे लक्ष ओढलं जाणं, संकटात अंगात बळ येणं, या सगळ्यांत त्याचा हात असतो. नैराश्यात नेमक्या याच गोष्टी ढासळतात. म्हणून शास्त्रज्ञांची नजर या रसायनाकडे गेली.

पण ती गेली वाकड्या वाटेने, रक्तदाबाच्या औषधावरून. 1949 साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये एक निबंध छापला. उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीपासून केलेलं औषध देऊन त्यांनी नोंदी ठेवल्या होत्या. सर्पगंधा आपल्या वैद्यांना शतकानुशतकं माहीत होती. 1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडसरपणावर आणि रक्तदाबावर तिच्या उपयोगाविषयी लिहिलंही होतं. मात्र पाश्चात्त्य वैद्यकाचं लक्ष तिच्याकडे खऱ्या अर्थाने वळलं ते वकिलांच्या निबंधाने. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत या मुळीतून रेसरपीन वेगळं काढण्यात आलं आणि ते औषध जगभर गेलं. वकिलांना 1957 साली अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढे रेसरपीन घेणारे काही रुग्ण खिन्न, निरुत्साही होत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. चेतापेशी नॉरॲड्रेनलिन आणि तशीच आणखी काही रसायनं इवल्या पुटिकांत साठवून ठेवतात. रेसरपीन ही साठवणच मोडतं आणि मेंदूतला साठा रिकामा होतो. याच सुमारास उलट्या बाजूनेही पुरावा येत होता. क्षयाचं एक औषध, इप्रोनियाझिड, घेणारे रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित दिसू लागले. ते औषध या रसायनांचा नाश थांबवत होतं. स्वित्झर्लंडमध्ये म्युन्स्टरलिंगन इथल्या मनोरुग्णालयात रोलांड कून यांना इमिप्रामिन नावाच्या गोळीने नैराश्य उतरताना दिसलं; 1957 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. 1961 साली अमेरिकेत ज्युलियस ॲक्सलरॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इमिप्रामिनचं गुपित उलगडलं. चेतापेशी एकदा सोडलेलं नॉरॲड्रेनलिन परत आत ओढून घेते आणि पुन्हा वापरते. इमिप्रामिन ही परत ओढण्याची वाटच बंद करतं. ॲक्सलरॉड यांना 1970 च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

चित्र अगदी स्वच्छ झालं होतं. रसायन कमी झालं की उदासी, वाढवलं की उत्साह. 1965 साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी ही कल्पना सविस्तर मांडली आणि ती दवाखान्यांत, वर्तमानपत्रांत, घराघरांत पोचली. आजही रुग्णाला समजावताना 'मेंदूतलं केमिकल कमी झालंय' असं सांगितलं जातं.

हे सांगणं सोयीचं आहे, पण ते अर्धवट आहे, आणि रुग्णाचं नुकसान करणारं आहे. कमी पडलेलं रसायन भरून काढायचं एवढंच असेल, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत बरं वाटायला हवं. तसं वाटलं नाही की रुग्ण साहजिकच म्हणणार, की आपलं दुखणं वेगळं किंवा औषध खोटं. शिवाय पुराव्यालाही पहिल्यापासून तडे होते. 1955 मध्येच लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांना रेसरपीन देऊन पाहिलं, तर त्यांच्यातल्या पुष्कळांना बरं वाटलं. नंतर निरोगी माणसांच्या शरीरात नॉरॲड्रेनलिन तयार होणं औषधाने तात्पुरतं रोखून पाहण्यात आलं, तेव्हा त्यांना नैराश्य आलं नाही.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 1990 च्या दशकात झालेले प्रयोग इथे फार बोलके आहेत. नैराश्यातून नुकत्याच सावरलेल्या, पण औषध चालू असलेल्या रुग्णांत नॉरॲड्रेनलिनची निर्मिती काही काळ कमी केली गेली. डेसिप्रामिनसारख्या, म्हणजे नॉरॲड्रेनलिनवर चालणाऱ्या गोळीने जे बरे झाले होते, त्यांच्यातल्या अनेकांची लक्षणं परतली. सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनावर चालणाऱ्या फ्लुओक्सेटिनने बरे झालेल्यांपैकी बहुतेकांना काही झालं नाही. सेरोटोनिनचा कच्चा माल तोडला, तर चित्र उलटं होत होतं. म्हणजे नॉरॲड्रेनलिनच्या तुटवड्याने आजार होतो असं ठामपणे म्हणता येत नाही. पण त्या वाटेने बरं झालेल्या माणसाचं बरं राहणं मात्र त्याच्यावर टेकलेलं असतं. गेल्या अर्धशतकातल्या मानसोपचाराच्या संशोधनात इतकी अर्थपूर्ण गोष्ट क्वचितच हाती लागली असेल.

आता त्या तीन-चार आठवड्यांकडे वळू.

गच्चीवरच्या टाकीत फ्लोट असतो. पाणी वर चढलं की तो उचलला जातो आणि नळ बंद करतो. नॉरॲड्रेनलिन सोडणाऱ्या पेशींवरही असेच फ्लोट बसवलेले असतात. त्यांना अल्फा-2 ग्राही म्हणतात. गोळीने रसायन परत ओढण्याची वाट बंद केली की बाहेरची पातळी चढते. ती चढताच हे ग्राही जागे होतात आणि पेशीला सांगतात, पुरे. लोकस सेरुलियसच्या पेशींचं स्पंदन मंदावतं आणि नवं रसायन सुटणं घटतं. पहिल्या दिवसांत गोळीने जे दिलं, त्यातलं बरंचसं मेंदू असा आपणच काढून घेतो. औषध रोज चालूच राहिलं, तर तंतूंच्या टोकांवरचे हे ग्राही सतत उचलून धरलेल्या फ्लोटसारखे हळूहळू बोथट होतात. त्यांचं 'पुरे' म्हणणं क्षीण पडतं. मग हिप्पोकॅम्पससारख्या भागांत नॉरॲड्रेनलिन खऱ्या अर्थाने वाढून टिकतं. याला दिवस नाही, आठवडे लागतात.

रसायन घेणाऱ्या पेशींच्या बाजूलाही बदल होतात, आणि ते पहिल्यांदा दिसले तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. 1975 साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात येर्झी वेतुलानी आणि फ्रिडोलिन सुल्सर यांनी उंदरांना नैराश्यावरची औषधं आठवड्यानुआठवडे दिली आणि मग त्यांच्या मेंदूची नॉरॲड्रेनलिनला मिळणारी प्रतिक्रिया मोजली. ती वाढायला हवी होती, भरली कमी. नंतर इतरांनी दाखवलं, की बीटा जातीच्या ग्राहींची संख्याच घटलेली असते. विजेच्या उपचारानेही, म्हणजे ईसीटीनेही, तसंच होत होतं. तेव्हा अनेकांनी उलटी मांडणी केली: नैराश्यात हे ग्राही अति संवेदनशील झालेले असतील आणि औषध त्यांना शांत करत असेल. ही कल्पना काही वर्षं जोरात होती. पण बीटा ग्राही अडवणारं प्रोप्रॅनोलॉल नैराश्य बरं करत नाही, आणि सेरोटोनिनवर चालणाऱ्या कितीतरी गोळ्या बीटा ग्राही कमी न करताही गुण देतात. मग कल्पनेचा जोर ओसरला.

गाठ सुटली ती ग्राहींच्या पलीकडे, पेशीच्या आत डोकावल्यावर. नॉरॲड्रेनलिन बीटा ग्राहीला चिकटलं की पेशीत ॲडेनिलिल सायक्लेज हे विकर कामाला लागतं आणि चक्रीय एएमपी नावाचा रेणू बनवू लागतं. तोच निरोप पुढे पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो. ग्राही वगळून हे विकर थेट कसं चालवायचं, हा संशोधकांपुढचा अडसर होता. तो दूर झाला एका मुंबईकर रेणूमुळे. मुलुंडच्या हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात 1970 च्या दशकात भारतीय औषधी वनस्पती रक्तदाब आणि हृदयासाठी तपासल्या जात होत्या. कोलियस फोर्सकोली ही त्यांतली एक. गुजराती घरांत जिचं गरमर या नावाने लोणचं घालतात तीच. तिच्या मुळांतून तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी फोर्सकोलिन वेगळं काढलं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही याच वनस्पतीवर काम चाललं होतं. 1981 मध्ये अमेरिकेत केनेथ सीमन आणि जॉन डेली यांनी दाखवलं, की फोर्सकोलिन ॲडेनिलिल सायक्लेजला ग्राहीच्या मदतीशिवाय थेट जागं करतं. तेव्हापासून चक्रीय एएमपीचा अभ्यास करणाऱ्या जगातल्या जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेत फोर्सकोलिनची बाटली असते. मुलुंडमधून निघालेली ही वस्तू आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही, याची खंत वाटते.

अशा साधनांनी एक नवं चित्र उभं राहिलं. येलचे रोनाल्ड ड्युमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात मांडलं, की दीर्घ उपचारात पृष्ठभागावरचे बीटा ग्राही कमी झाले तरी बाहेरचं नॉरॲड्रेनलिन वाढलेलं असतं, आणि आतली निरोपाची साखळी एकूण पाहता बळकट होते. केंद्रकात सीआरईबी नावाचं प्रथिन जास्त काम करतं आणि त्याच्या सांगण्यावरून बीडीएनएफ हे चेतापेशींना पोसणारं द्रव्य वाढतं. ताणाने चेतापेशींच्या फांद्या आखडतात. हे द्रव्य त्यांना पुन्हा वाढायला मदत करतं. सन 2000 मध्ये ड्युमन यांच्याच गटाने दाखवलं, की काही आठवड्यांच्या औषधाने प्रौढ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जास्त जन्मतात. नवी पेशी जन्मायला, वाढायला आणि जाळ्यात जोडली जायला आठवडेच लागणार. गोळीचा उशीर इथे एकदम समजण्यासारखा वाटू लागतो.

याच ड्युमन यांच्या हाताखाली मुंबईची एक मुलगी पीएचडी करत होती. सेंट झेवियर्स महाविद्यालयातून शिकून येलला गेलेल्या विदिता वैद्य पुढे परत आल्या आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. 2002 साली त्यांच्या गटाने दाखवलं, की उंदरांच्या मेंदूतलं नॉरॲड्रेनलिन काढून टाकलं तर हिप्पोकॅम्पसमधल्या मूळ पेशींचं विभाजन घटतं. प्रश्न असा, की मग अल्फा-2 ग्राहींचं काय? 2010 मध्ये 'जर्नल ऑफ न्यूरोसायन्स'मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह याचं उत्तर छापलं. त्यात निघालं, की हे ग्राही नॉरॲड्रेनलिन सोडणाऱ्या पेशींवर असतात, तसेच ते नव्या चेतापेशींना जन्म देणाऱ्या मूळ पेशींवरही असतात आणि तिथे थेट विभाजन दाबतात. ज्या उंदरांच्या शरीरात नॉरॲड्रेनलिन बनतच नाही, त्यांच्यातही हा दाब दिसला. म्हणजे फ्लोटचं काम एवढीच अल्फा-2 ची भूमिका नव्हती.

मग त्यांनी इमिप्रामिनच्या जोडीला अल्फा-2 ग्राही अडवणारं योहिम्बिन दिलं. मूळ पेशींचं विभाजन, नव्या चेतापेशींची वाढ, बीडीएनएफची पातळी, सगळ्यांनी वेग घेतला. भुकेल्या उंदराला अनोळखी उजेडाच्या जागी अन्न ठेवलं तर तो घाबरून खायला उशीर करतो. नैराश्यावरच्या औषधांनी हा उशीर कमी होतो, पण नेहमीच्या औषधाला त्यासाठी साधारण तीन आठवडे लागतात. या जोडीने तोच परिणाम सात दिवसांत दिसला. या आणि अशा संशोधनासाठी वैद्य यांना 2015 मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि 2022 मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

उंदरावरून माणसावर उडी मारण्याचा मोह इथे आवरायला हवा. योहिम्बिनने माणसाचा रक्तदाब वाढतो, घबराट उसळते. ते दुकानातून आणून गोळीसोबत घेण्याची गोष्ट नाही. पण अल्फा-2 अडवणारं एक औषध डॉक्टरांकडे आधीपासून आहे. मिरटाझापिन 1990 च्या दशकात बाजारात आलं. त्याने झोप लागते आणि भूक वाढते, म्हणून झोप उडालेल्या आणि वजन घटलेल्या रुग्णाला ते बऱ्याचदा दिलं जातं.

देवळ्यातल्या घरात पाकीट असेल, तर त्यावर यातलं कुठलं नाव असतं? फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही प्रामुख्याने सेरोटोनिनवर चालणारी. व्हेनलाफॅक्सिन, डेसव्हेनलाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन ही दोन्हींवर चालतात. व्हेनलाफॅक्सिनचा डोस वाढवताना रक्तदाब तपासावा लागतो, तो याच नॉरॲड्रेनलिनमुळे. ॲमिट्रिप्टिलिन आणि इमिप्रामिन ही जुनी. ॲमिट्रिप्टिलिनची छोटी मात्रा तर मन ठीक असलेली माणसंही घेतात, मधुमेहाने पायांची आग होत असेल किंवा अर्धशिशी असेल म्हणून. मज्जारज्जूपर्यंत उतरणारे नॉरॲड्रेनलिनचे तंतू वर जाणारी वेदना दाबतात. तेव्हा कुणाच्या पिशवीत ही गोळी दिसली म्हणून लगेच 'याला डोक्याचं औषध चालू आहे' असं कुजबुजणं निव्वळ अन्याय आहे.

नॉरॲड्रेनलिन वाढवलं की काम झालं, असंही नाही. रिबॉक्सेटिन फक्त याच एका रसायनाची परतीची वाट बंद करतं. ते युरोपात बरीच वर्षं विकलं गेलं. 2010 मध्ये जर्मन तपासनीसांनी न छापलेले प्रयोगही बाहेर काढून बेरीज केली, तेव्हा ते नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. एकंदर औषधांचं काय? 2018 साली 'लॅन्सेट'मध्ये 21 औषधांच्या 522 प्रयोगांचा एकत्र हिशोब आला. लाखाहून जास्त रुग्ण त्यात होते. सगळी औषधं दिखाऊ गोळीपेक्षा चांगली ठरली, पण फरक बेताचाच होता. म्हणूनच बोलण्याच्या उपचारालाही तेवढीच जागा हवी. गोव्यात संगत या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने दाखवून दिलं आहे, की साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात ठराविक बैठका घेतल्या तरी तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना फायदा होतो. देवळ्यासारख्या तालुक्याला हे फार उपयोगी आहे, कारण तज्ज्ञ प्रत्येक गावात पोचणं अजून दूर आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात वीसपैकी एका प्रौढाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं, आणि नैराश्य, चिंता अशा नेहमीच्या मानसिक आजारांच्या शंभरातल्या सुमारे 85 जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत.

जे पोचतात, त्यांच्यापुढे दुसरा पेच उभा राहतो तो बरं वाटल्यावर. चार महिने झाले, झोप लागते, बाजार सुरू झाला, आता गोळी कशाला? ब्रिटनमध्ये दीर्घकाळ औषध घेत असलेल्या आणि थांबवायच्या तयारीत असलेल्या 478 जणांवर एक अभ्यास झाला. 2021 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. वर्षभरात औषध चालू ठेवलेल्यांपैकी 39 टक्क्यांना नैराश्य परतलं, हळूहळू बंद केलेल्यांपैकी 56 टक्क्यांना. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचला पाहिजे. औषध राखण करतं हे खरं, आणि बंद केलेल्यांपैकी बरेच जण ठीक राहिले हेही खरं. पहिल्यांदाच आजारी पडलेल्याला सहसा बरं वाटल्यानंतर सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायला सांगतात. आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर आणखी बराच काळ.

एका दिवसात गोळी तोडली, तर मात्र त्रास होऊ शकतो. ग्राहींनी आठवडेच्या आठवडे घालवून जुळवून घेतलेलं असतं. त्यांना मागे यायलाही वेळ लागतो. चक्कर, मळमळ, घाम, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं, हे सगळं दोन-तीन दिवसांत सुरू होऊ शकतं आणि रुग्णाला वाटतं, आजार परत आला किंवा गोळीची सवय लागली. व्हेनलाफॅक्सिन शरीरातून लवकर उतरतं, म्हणून त्याच्या बाबतीत हे जास्त दिसतं. मात्रा टप्प्याटप्प्याने, काही आठवडे किंवा महिने घेऊन, डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवायची असते. पाकीट संपायच्या आठवडाभर आधीच पुढचं आणून ठेवलं, तर पावसात रस्ता बंद झाला म्हणून खंड पडत नाही. पहिल्या पंधरवड्यात अस्वस्थता वाढली किंवा जीव नकोसा वाटण्याचे विचार आले, विशेषतः तरुण मुलामुलींत, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं झालं, तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत सुरू असते, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.